संयुक्त आकृत्यांचे जडत्व परिबल : पाठ्यपुस्तकातील प्रकरणाची चिकित्सा

स्टॅटिक्सच्या जवळजवळ कोणत्याही पाठ्यपुस्तकात सेंट्रॉइडनंतरचे प्रकरण उघडा. एक चौकोन, त्याच्या डोक्यावर त्रिकोण, एका कुशीला चिकटवलेले अर्धवर्तुळ आणि मध्ये गोल भोक, अशी एखादी आकृती तुम्हाला नक्की भेटेल. खाली प्रश्न असतो: सेंट्रॉइडमधून जाणाऱ्या आडव्या अक्षाभोवती मोमेंट ऑफ इनर्शिया काढा. अशा आकाराची तुळई तुम्ही कोणत्याही इमारतीत किंवा पुलात पाहिलेली नसेल. तरीही पहिल्या वर्षाच्या परीक्षेत या प्रश्नाला भरपूर गुण असतात आणि तो सोडवता येणारे बहुसंख्य विद्यार्थी तो कशासाठी सोडवला हे सांगू शकत नाहीत. या टिपणात मला त्या प्रकरणाकडेच जरा चिकित्सक नजरेने पाहायचे आहे. रीत बरोबर आहे, गणितही बरोबर आहे. माझी तक्रार आहे ती पुस्तके काय ठळक छापतात आणि कशाबद्दल गप्प राहतात याबद्दल.

आधी नावाचे पाहू. क्षेत्रफळाला वस्तुमान नसते, म्हणजे त्याला जडत्वही नसते. मग क्षेत्राचे ‘जडत्व’ परिबल कसले? चाक फिरवताना जे जडत्व परिबल लागते त्याचे एकक किलोग्रॅम मीटर वर्ग. इथे आपण काढतो त्याचे एकक मिलिमीटरचा चौथा घात. दोन्हींच्या सूत्रांची घडण सारखी, प्रत्येक तुकड्याला अंतराच्या वर्गाने गुणायचे आणि बेरीज करायची, एवढ्यावरून एकच नाव चिकटले. ‘क्षेत्राचे द्वितीय परिबल’ हे नाव अधिक प्रामाणिक आहे. पण तोंडी परीक्षेत तुम्ही मोमेंट ऑफ इनर्शियाच म्हणणार आणि मीही या टिपणात जडत्व परिबल हाच शब्द वापरणार आहे, कारण रूढ झालेला शब्द टिपणे लिहून बदलत नाही. हिबेलर आणि बीअर-जॉन्स्टन यांच्या पुस्तकांत क्षेत्राचे आणि वस्तुमानाचे जडत्व परिबल एकाच प्रकरणात एकामागून एक येते. मेरियम यांनी क्षेत्राचे परिबल स्टॅटिक्सच्या खंडात परिशिष्टात ठेवले आणि वस्तुमानाचे डायनॅमिक्सच्या खंडात. मला मेरियम यांची वाटणी जास्त पटते. क्षेत्राचे द्वितीय परिबल हा समतोलाचा विषयच नव्हे. ते गणिताचे एक अवजार आहे, खरे काम पुढच्या वर्षी स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये लागणारे. परिशिष्टात ठेवल्याने निदान हे तरी कळते.

बीअर-जॉन्स्टन यांना एक श्रेय द्यायलाच हवे. ते प्रकरणाच्या सुरुवातीलाच वाकणारी तुळई आणि पाण्याखालचा दरवाजा अशी दोन उदाहरणे देतात आणि अंतराच्या वर्गाची बेरीज का निघते ते दाखवतात. वाकलेल्या तुळईत उदासीन अक्षापासून जितके दूर, तितका स्ट्रेस जास्त. त्या स्ट्रेसचे अक्षाभोवतीचे परिबल घेताना अंतर पुन्हा एकदा येते. एकदा स्ट्रेसमुळे, एकदा परिबलामुळे, म्हणून वर्ग. एवढी दोन वाक्ये वर्गात पहिल्या दिवशी सांगितली तरी पुढचे पुष्कळसे सोपे होते. आपल्याकडच्या अनेक परीक्षाभिमुख पुस्तकांत ही दोन वाक्ये नसतात. व्याख्या, सूत्रांचा तक्ता, समांतर अक्ष प्रमेय आणि मग चाळीस गणिते.

आता त्या तक्त्याकडे येऊ. संयुक्त आकृती सोडवायची रीत तुम्हाला माहीत आहे: आकृतीचे साधे तुकडे करा, प्रत्येकाचे क्षेत्रफळ, सेंट्रॉइडपर्यंतचे अंतर, स्वतःचे परिबल आणि ‘क्षेत्रफळ गुणिले अंतराचा वर्ग’ असे रकाने भरा, बेरीज करा. तक्त्यात सगळे रकाने सारख्या रुंदीचे असतात आणि विद्यार्थी प्रत्येकावर सारखाच वेळ घालवतो. खऱ्या तुळईत त्यांचे वजन किती असमान असते ते एकदा स्वतः करून पाहा.

आयएसएमबी ३०० घ्या. स्टील टेबल म्हणून तुमच्या हातात असणाऱ्या बहुतेक पुस्तिकांत १९६४ च्या एसपी ६ हँडबुकमधले आकडे असतात: उंची ३०० मिमी, फ्लँजची रुंदी १४० मिमी, फ्लँजची जाडी १२.४ मिमी, वेबची जाडी ७.५ मिमी. (नंतरच्या आयएस ८०८ मध्ये जाड्या थोड्या वेगळ्या आहेत, तेव्हा कोणता तक्ता समोर आहे ते आधी पाहून घ्या.) तीन आयत करा. एका फ्लँजचे क्षेत्रफळ १,७३६ चौमिमी, त्याच्या मध्यापासून मुख्य अक्षापर्यंतचे अंतर १५० वजा ६.२, म्हणजे १४३.८ मिमी. दोन्ही फ्लँजेसचे ‘क्षेत्रफळ गुणिले अंतराचा वर्ग’ येते ७,१७९.६ सेंमी⁴. दोन्ही फ्लँजेसचे स्वतःचे परिबल येते अवघे ४.४ सेंमी⁴. वेबचे स्वतःचे, म्हणजे ७.५ × २७५.२³ ÷ १२, येते १,३०२.६ सेंमी⁴. एकूण ८,४८६.६ सेंमी⁴.

या चार आकड्यांकडे नीट पाहा. फ्लँजेसचे अंतरामुळे आलेले पद एकूणाच्या सुमारे ८५ टक्के आहे. फ्लँजेसचे स्वतःचे पद, ज्यासाठी तुम्ही १२.४ चा घन काढत बसलात, ते दहा हजारांत पाच इतकेच आहे. ते विसरलात तर गुण जातील, पूल पडणार नाही. १४३.८ ऐवजी १५० घातलेत तर मात्र उत्तर सात-साडेसात टक्क्यांनी फुगेल. पुस्तकाचा तक्ता हे सांगत नाही, कारण तक्त्यात टक्केवारीचा रकानाच नसतो. माझ्या मते तो असायला हवा. आय-आकार का वापरतात याचे उत्तर त्याच रकान्यात दडलेले आहे: तेवढ्याच पोलादाची ३०० मिमी उंच, जवळपास १८.५ मिमी जाड अशी सपाट पट्टी उभी केली, तर तिचे परिबल ४,१५२ सेंमी⁴ भरते. वजन तेच, जडत्व परिबल निम्म्याहून कमी.

आणखी एक गंमत. छापील टेबलमध्ये याच तुळईचे परिबल ८,६०३.६ सेंमी⁴ दिलेले असते. आपले उत्तर सुमारे १.४ टक्क्यांनी कमी आले. क्षेत्रफळही आपले ५५.३६ आणि टेबलमधले ५६.२६ चौसेंमी. हा फरक गणिताच्या चुकीचा नाही. लाटून काढलेल्या या तुळईत वेब आणि फ्लँज जिथे भेटतात तिथे कोपरा गोलसर भरलेला असतो आणि फ्लँजची आतली बाजू किंचित उतरती असते. आपल्या तीन आयतांनी ते जास्तीचे पोलाद धरलेच नाही. पुस्तकात असा ताळा क्वचितच दिसतो. ‘संयुक्त आकृती’ ही खऱ्या वस्तूची आपण केलेली नक्कल आहे आणि त्या नकलेची किंमत इथे दीड टक्क्याच्या आत आहे, एवढे जरी विद्यार्थ्याला एकदा दिसले तरी उत्तराला सहा दशांश स्थळे लिहिण्याची सवय आपोआप सुटेल.

समांतर अक्ष प्रमेयाबद्दलची माझी तक्रार अधिक गंभीर आहे. प्रमेय फक्त एकाच जोडीसाठी चालते: सेंट्रॉइडमधून जाणारा अक्ष आणि त्याला समांतर दुसरा अक्ष. कोणत्याही अक्षावरून कोणत्याही अक्षावर उडी मारता येत नाही. पुस्तके हे प्रमेयाच्या विधानात लिहितात, पण पुढच्याच पानावर सूत्रांच्या तक्त्यात त्रिकोणासाठी दोन सूत्रे शेजारी शेजारी छापतात: पायाभोवती रुंदी × उंची³ ÷ १२ आणि सेंट्रॉइडभोवती रुंदी × उंची³ ÷ ३६. अर्धवर्तुळाचेही तसेच: व्यासाभोवती पाय × त्रिज्या⁴ ÷ ८ आणि सेंट्रॉइडभोवती सुमारे ०.११ × त्रिज्या⁴. यांपैकी प्रमेयात कोणते घालायचे हे तक्ता सांगत नाही. घाईतला विद्यार्थी जे आधी दिसते ते उचलतो.

चूक किती मोठी होते ते पाहा. त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर अक्ष घ्या. बरोबर रीत: सेंट्रॉइडचे परिबल ३६ व्या भागाने, अंतर उंचीच्या दोन तृतीयांश. उत्तर येते रुंदी × उंची³ ÷ ४. आता चुकीची रीत: पायाचे परिबल १२ व्या भागाने, अंतर पूर्ण उंची. उत्तर येते रुंदी × उंची³ गुणिले ७/१२. बरोबर उत्तराच्या सव्वादोन पटींहूनही जास्त. असे फुगलेले परिबल घेऊन तुळईचा स्ट्रेस काढलात तर तो कागदावर निम्म्याहूनही कमी दिसेल, म्हणजे चूक धोक्याच्या बाजूची. पायावरून शिरोबिंदूकडे जायचेच असेल तर आधी पायावरून सेंट्रॉइडला उतरा (तिथे वजाबाकी आहे), मग वर चढा. माझे विद्यार्थी याला ‘मॅजेस्टिकला गाडी बदलणे’ म्हणतात. बेंगळुरूच्या मेट्रोत जांभळ्या मार्गावरून हिरव्या मार्गावर जायचे तर तिथे उतरावेच लागते. उपमा त्यांची आहे, पण पुस्तकातल्या विधानापेक्षा ती जास्त लक्षात राहते.

आता एका वादाचा मुद्दा. काही शिक्षक, आणि काही पुस्तके, दुसरी रीत शिकवतात. सगळ्या तुकड्यांचे परिबल आधी आकृतीच्या तळाच्या रेषेभोवती काढा, बेरीज करा आणि शेवटी एकदाच ‘एकूण क्षेत्रफळ गुणिले सेंट्रॉइडच्या उंचीचा वर्ग’ वजा करा. ही रीत चटपटीत आहे. अंतरे आयती मिळतात, प्रत्येक तुकड्यासाठी वजाबाकी करावी लागत नाही. तोंडावर तरी ती जास्त चांगली वाटते. पण तिच्यात एक कच्चा दुवा आहे आणि तो कुणी सांगताना मला दिसत नाही.

टी-आकार घ्या: वर १२० × २० मिमीचा फ्लँज, खाली २० × १०० मिमीचे वेब. एकूण क्षेत्रफळ ४,४०० चौमिमी. तळापासून सेंट्रॉइड ८२.७२७ मिमीवर. दोन्ही रीतींनी उत्तर ५६,७३,९४० मिमी⁴ येते, करून पाहा. आता समजा तुम्ही सेंट्रॉइडची उंची ८३ अशी पूर्णांकात धरली. नेहमीच्या रीतीने, म्हणजे प्रत्येक तुकड्याचे अंतर त्या ८३ पासून मोजून, उत्तर येते ५६,७४,२६७. फरक ३२७, म्हणजे नगण्य. तळाच्या रीतीने तळाभोवतीची बेरीज ३,५७,८६,६६७, त्यातून ४,४०० × ८३² म्हणजे ३,०३,११,६०० वजा केले की उरतात ५४,७५,०६७. साडेतीन टक्के कमी. तीच गोळाबेरीज, तोच विद्यार्थी, पण एका रीतीत चूक दिसतसुद्धा नाही आणि दुसरीत ती ठळक.

कारण सोपे आहे. समांतर अक्षांमध्ये सेंट्रॉइडच्या अक्षाभोवतीचे परिबल सर्वांत कमी असते. दरीच्या तळाशी दोन पावले इकडेतिकडे सरकले तरी उंची फारशी बदलत नाही, तसेच हे. नेहमीच्या रीतीत अक्ष थोडा चुकला तर चूक क्षेत्रफळ गुणिले त्या चुकीच्या वर्गाइतकीच येते, ०.२७ चा वर्ग ०.०७. तळाच्या रीतीत मात्र आपण दोन मोठ्या, जवळजवळच्या संख्यांची वजाबाकी करतो आणि तिथे चूक दुप्पट उंचीने गुणली जाते. म्हणून माझा कौल पाठ्यपुस्तकातल्या जुन्या, लांबलचक तक्त्याच्या बाजूने आहे. तळाची रीत ताळ्यासाठी वापरा आणि वापरताना सेंट्रॉइडची उंची किमान तीन दशांश स्थळांपर्यंत ठेवा. पण पुस्तकांनी आपली रीत का निवडली हे सांगायला नको का? ती क्षमाशील आहे हा तिचा सर्वांत मोठा गुण. तो कुठे छापलेला नाही.

भोक असलेल्या आकृतीबद्दल फार लिहीत नाही. क्षेत्रफळ उणे धरा, स्वतःचे परिबलही उणे आणि अंतराचे पदही उणे. तिन्हींपैकी एक अधिक राहिले की उत्तर गेले. सेंट्रॉइड काढताना भोक वजा करायचे आणि पुढे विसरायचे, हा प्रकार पेपर तपासताना सर्रास दिसतो.

आता मूळ तक्रार. या सगळ्या प्रकरणात एक गृहीतक आहे आणि ते पुस्तके कुठेच उच्चारत नाहीत: तुकडे एकमेकांना असे जोडलेले आहेत की वाकताना ते एकच वस्तू म्हणून वाकतील. कागदावर दोन आयतांमध्ये एक रेघ असते. बांधकामावर त्या रेघेच्या जागी वेल्ड असते, रिव्हेट असतात, बोल्ट असतात, किंवा काहीच नसते.

घरी करून पाहण्यासारखा प्रयोग आहे. १०० मिमी रुंद, ५० मिमी जाड अशा दोन फळ्या एकावर एक नुसत्या ठेवा. वजन टाकले की त्या एकमेकींवरून घसरत वाकतात आणि त्यांचे जडत्व परिबल असते दोघींचे वेगवेगळे, मिळून सुमारे २०.८ लाख मिमी⁴. त्याच फळ्या सरसाने घट्ट चिकटवा, परिबल होते ८३.३ लाख. चौपट. पुस्तकाचे समांतर अक्ष प्रमेय तुम्हाला दोन्ही वेळा ८३.३ लाखच सांगेल, कारण त्याला सरस दिसत नाही. ते अंतराचे पद फुकट मिळत नसते. दोन तुकड्यांच्या सांध्यावर जो कातर येतो तो कुणीतरी पेलला तरच ते मिळते.

हा केवळ तात्त्विक मुद्दा नाही. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर क्युबेकजवळ बांधल्या जात असलेला पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी कोसळला आणि ७५ कामगार मेले. पुलाचे खालचे दाबाखालचे मुख्य भाग चार समांतर उभ्या पोलादी फळ्यांचे बनवले होते. फळ्या एकमेकींपासून दूर ठेवल्या की परिबल वाढते आणि भाग दाबाखाली बाकत नाही, हा तुमच्या-माझ्या तक्त्यातलाच हिशोब. पण त्या फळ्यांना एकत्र धरणाऱ्या तिरप्या पट्ट्यांची जाळी आणि तिचे रिव्हेट येणाऱ्या बलाच्या मानाने फार दुबळे होते. जाळी तुटली की चार फळ्यांची एकसंध आकृती उरत नाही, चार सुट्या फळ्या उरतात. त्या भागांतला वाक कोसळण्याआधी काही दिवस कामावरच्या माणसांना दिसला होता, मोजलाही गेला होता. नंतरच्या चौकशी आयोगाने दोष या खालच्या भागांच्या रचनेवरच ठेवला. स्टॅटिक्सच्या पुस्तकात संयुक्त आकृत्यांच्या प्रकरणात या पुलाचे नाव मला कधी आढळले नाही. ते असायचे तर इथेच असायला हवे.

‘कंपोझिट’ या शब्दाने घोळ आणखी वाढतो. स्टॅटिक्सच्या प्रकरणात त्याचा अर्थ फक्त ‘अनेक साध्या आकृत्यांची मिळून बनलेली’ असा आहे. पुढे डिझाइनमध्ये याच शब्दाचा अर्थ ‘दोन पदार्थांची मिळून बनलेली’ असा होतो, जसे पोलादी गर्डर आणि त्यावरचा काँक्रीटचा स्लॅब. तिथे नुसती क्षेत्रफळे बेरजेत घेऊन चालत नाही. काँक्रीटची रुंदी दोन पदार्थांच्या स्थितिस्थापकतेच्या गुणोत्तराने आधी कमी करावी लागते आणि गर्डरच्या माथ्यावर वेल्ड केलेले स्टड स्लॅबला धरून आहेत याची खात्रीही हवी. पहिल्या वर्षाची रीत जशीच्या तशी तिथे नेणारे विद्यार्थी मी शेवटच्या वर्षातही पाहिले आहेत. दोष पूर्णपणे त्यांचा नाही. पहिल्या पुस्तकाने एक ओळ लिहिली असती, ‘ही रीत एकाच पदार्थाच्या, एकसंध जोडलेल्या आकृतीसाठी आहे’, तर पुरले असते.

तुमच्यापैकी जे महादेवपुऱ्याच्या आसपास राहतात त्यांना उदाहरणांसाठी पुस्तकाची गरज नाही. कृष्णराजपुरा ते व्हाइटफील्ड मेट्रो २५ मार्च २०२३ ला सुरू झाली. सिंगय्यनपाळ्य स्थानकाजवळ त्या मार्गाखाली उभे राहून वर पाहा: पोकळ पेटीसारखा काँक्रीटचा गर्डर, वरचा पत्रा रुंद, खालचा अरुंद, बाजू तिरप्या. बाह्य वर्तुळ मार्गावर सिल्क बोर्डकडून येणाऱ्या मार्गाचे गर्डर यू-आकाराचे आहेत आणि गाडी त्या यूच्या पोटातून जाते. वहीत दोन्हींचे छेद काढा, मापे अंदाजाने घाला. पेटीसाठी बाहेरच्या समलंबातून आतला समलंब वजा करा. यूमध्ये तळाचा स्लॅब आणि दोन उभ्या बाजू. मग सेंट्रॉइड कुठे येतो ते पाहा. यूमध्ये तो बराच खाली, तळाच्या स्लॅबच्या बाजूला जातो. म्हणजे वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोठे, खालच्या कडेपर्यंतचे छोटे आणि वर-खाली येणारा स्ट्रेस वेगवेगळा. पुस्तकातल्या सममित आकृत्या सोडवून हे कधी कळत नाही, कारण तिथे दोन्ही अंतरे सारखीच असतात. मुख्य म्हणजे, पेटीचा गर्डर लांबीच्या दिशेने एकेक तुकडा जोडून उभा केलेला असतो आणि आतल्या ताणलेल्या केबल ते तुकडे एकमेकांवर दाबून धरतात. त्या केबल नसत्या तर तुम्ही काढलेल्या परिबलाला सांध्यापाशी काय अर्थ उरला असता, हा प्रश्न पुढच्या तासाला घेऊन या.